मांजर शिंकलं, तर काय करायचं?

मी पशुसखी आहे. या कार्यक्रमात मी तुमच्याशी बकऱ्यांच्या लसीबद्दल बोलले, कोंबड्यांच्या मानमोडीबद्दल बोलले. आज मी मांजराबद्दल बोलणार आहे. ऐकून काही जणी हसल्या असतील, पण शेवटपर्यंत ऐका.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक आजी पदरात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. पदर उघडला तर आत मांजराचं पिल्लू. दोन्ही डोळे चिपडांनी बंद, नाक शेंबडानं भरलेलं, दर दोन मिनिटांनी शिंक. आजी म्हणाल्या, “बाई, बकऱ्या तं तू रोजच पायतं. आज माह्या पिल्लाले पाय.” बाकीच्या हसायला लागल्या. एक म्हणाली, “आजी, मांजरीचं काय घेऊन बसल्या!” आजी चिडल्या. “हसा माय, हसा. मांजर नसलं तं कोठीतली तूर कोण राखते? उंदीर काय तुमच्या हसण्यानं पळते?”

आजींचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे तूर, सोयाबीन, गहू घरातच ठेवावा लागतो. कापूस तर भाव मिळेपर्यंत राहत्या खोलीत रचून ठेवतो. उंदरांनी पोती कुरतडली तर नुकसान आपलंच. मांजर हे काम फुकटात करतं. बकरीला ताप आला तर आपण धावतो. मांजर शिंकलं तर मात्र “थंडीचं झालं असेल, होईल बरं” म्हणून सोडून देतो. मीही तसंच करायचे, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. ते आधी सांगते.

आमच्याकडे मनी नावाची मांजर होती. चार वर्षांची, धट्टीकट्टी. एकदा तिला सर्दी झाली, अंग गरम लागलं. दोन दिवस ती चुलीजवळ गप्प पडून होती. घरात पोरांच्या तापासाठी आणलेली पॅरासिटामॉलची गोळी होती. मी विचार केला, लेकराला चालते तर मांजराला चालेल. तिचं अंग लहान म्हणून अर्धीच गोळी कुटून दुधात घातली आणि पाजली. काही तासांत तिचं तोंड सुजलं. हिरड्या गुलाबी असतात, त्या मातकट, निळसर झाल्या. ती तोंड उघडून धापा टाकू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनी गेली.

नंतर पशुवैद्यक डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. माणसाचं यकृत ही गोळी पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ते करणारा घटक फार कमी असतो. त्यामुळे गोळीचं विष होतं, आणि रक्त शरीराला प्राणवायू पुरवू शकत नाही. माणसाच्या डोसाची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. लहान किंवा आजारी मांजराला अर्धीही भारी पडते. मनीची सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत बरी झाली असती. तिला सर्दीनं मारलं नाही, माझ्या गोळीनं मारलं. म्हणून आज एवढं लक्षात ठेवा: मांजराच्या सर्दीत काय करायचं हे कळायला हवंच, पण काय करायचं नाही हे त्याआधी कळायला हवं.

आता हा आजार काय आहे ते पाहू.

मांजराची सर्दी थंडीमुळे होत नाही. ती लागण आहे, जशी बकऱ्यांमध्ये पीपीआरची लागण होते तशी. बहुतेक वेळा ती दोन विषाणूंमुळे होते. एकाचं नाव हर्पिस, दुसऱ्याचं कॅलिसी. कधी क्लॅमिडियासारखे जिवाणूही असतात, त्यात डोळे जास्त सुजतात. आजारी मांजराच्या शिंकेचे थेंब, नाकाचा शेंबूड, डोळ्यांचं पाणी, लाळ यांतून रोग दुसऱ्या मांजराला लागतो. एकाच वाटीत खाल्लं, एकमेकांना चाटलं की लागला. आपल्या हातांवरून आणि लुगड्यावरूनही तो जातो. आजारी मांजराला कुरवाळून लगेच दुसऱ्याला उचललं की आपणच रोग पोचवतो.

लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांपासून दोन आठवड्यांच्या आत लक्षणं दिसतात. शिंका, नाक वाहणं, डोळे लाल होणं, चिपडं येणं, ताप, सुस्ती. कॅलिसी असेल तर जिभेवर आणि तोंडात फोड येतात, लाळ गळते. घास तोंडाशी नेऊन मांजर मागे सरतं, कारण तोंड दुखतं.

मोठ्या, तब्येतीनं चांगल्या मांजराला हा आजार सहसा एक-दोन आठवड्यांत सोडतो. जिवावर बेततं ते पिल्लांच्या. आईच्या दुधातून पिल्लाला काही आठवडे संरक्षण मिळतं. एक-दोन महिन्यांचं होईपर्यंत ते उतरत जातं. नेमक्या याच वयात पिल्लं आजारी पडतात.

तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल की एकाच मांजरीचं दरवेळचं वेत शिंकायला लागतं. जुन्या बाया म्हणतात, दृष्ट लागली. कारण वेगळं आहे. हर्पिसचा विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर लपून राहतो. मांजर वरून ठणठणीत दिसतं. पण त्याच्यावर ताण आला की विषाणू पुन्हा बाहेर पडतो. जागा बदलली, नवं मांजर आलं, मांजर व्यालं, दूध पाजायला लागलं, हे सगळे ताणच. म्हणजे आई दिसायला निरोगी असते, आणि पिल्लांना चाटता चाटता रोग देते. कॅलिसीतही बरं झालेलं मांजर पुढे बरेच महिने रोग पसरवू शकतं.

आपण म्हणतो, मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं. आता प्रत्येक घरी दुसरं मांजर असेल तर सात घरी काय पोचलं याचा विचार करा.

आजींच्या पिल्लाचं तेच झालं होतं. त्या बैठकीत मी विचारलं, या वेतातली बाकीची पिल्लं कुठं आहेत? तीन पिल्लं गटातल्याच तीन घरी दिलेली निघाली. ज्या हसत होत्या त्यांतल्या दोघींनी हळूच सांगितलं, “आमचंही शिंकते.” मग कुणी हसलं नाही.

आता घरी काय करायचं ते सांगते. साधं आहे, पैसा लागत नाही.

पहिलं, आजारी मांजर वेगळं ठेवा. बाजूची खोली, पडवीचा बंद कोपरा, जाळीचा पिंजरा, जे असेल ते. जागा उबदार हवी, वाऱ्याची झोत नको, धूर नको. चुलीच्या धुरानं नाक आणखी बंद होतं. पाण्याची आणि खाण्याची वाटी वेगळी ठेवा, अंथरायचं फडकं वेगळं ठेवा. निदान दोन आठवडे दुसऱ्या मांजरांत सोडू नका. आधी निरोगी मांजराचं खाणंपिणं करा, आजाऱ्याचं सगळ्यात शेवटी. नंतर साबणानं हात धुवा.

दुसरं, नाक आणि डोळे साफ ठेवा. पाणी उकळून कोमट होऊ द्या. स्वच्छ सुती कापडाचे तुकडे घ्या. डोळ्याची चिपडं आधी ओल्या कापडानं मऊ करा, मग नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला अलगद पुसा. ओढू नका. एका डोळ्याला लावलेला तुकडा दुसऱ्या डोळ्याला नको. दिवसातून तीन-चार वेळा करा. वापरलेले तुकडे जाळून टाका.

तिसरं, वाफ. न्हाणीघराचं दार लावा, कढत पाण्याची बादली ठेवा. मांजराला पिंजऱ्यात किंवा टोपल्याखाली बादलीपासून लांब ठेवा आणि तुम्ही तिथंच बसा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मांजराला पांघरुणाखाली कोंडून वाफ देऊ नका, भाजेल. पाण्यात बाम, कापूर, निलगिरी काही घालू नका. आपल्याला त्यानं मोकळं वाटतं, मांजराला ते विषारी आहे.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला खाऊ घाला. मांजर वासावर जेवतं. नाक बंद झालं की वास येत नाही, आणि वास आला नाही की ते अन्नाला तोंड लावत नाही. आपल्याला वाटतं, भूक नाही तर नसू दे. तसं सोडू नका. मोठं मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि सर्दीपेक्षा मोठं दुखणं उभं राहतं. पिल्लू तर एका दिवसाच्या उपासानंही खचतं. म्हणून नाक पुसल्यावर लगेच वासाचं, कोमट, मऊ काहीतरी द्या. उकडलेलं अंडं कुस्करून, उकडलेली मासळी काटे काढून, कोंबडीचं शिजवलेलं मांस पाण्यासकट. मीठ, मसाला नको. कांदा-लसूण मुळीच नको, तेही मांजराला विषारी आहेत. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. बोटाला लावून ओठाजवळ धरा, चाटू द्या. नुसत्या दुधावर ठेवू नका, पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधानं हगवण लागते. पाणी मात्र कायम समोर असू द्या.

पाचवं, स्वच्छता. हर्पिस साबणानंही मरतो आणि वाळल्यावर फार टिकत नाही. कॅलिसी मात्र चिवट आहे, भांड्यावर, फडक्यावर आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतो. वाट्या आणि पिंजरा आधी साबणानं घासा. मग चार लिटर पाण्यात अर्धा कप पातळ ब्लीच घालून त्यानं पुसा, दहा मिनिटं राहू द्या, साध्या पाण्यानं खळखळून धुवा आणि उन्हात वाळवा. मांजराच्या जागेला फिनाईल लावू नका. ते पायाला लागतं, मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं.

आता काय करायचं नाही, ते एकदा सलग सांगते. पॅरासिटामॉल नाही. अंगदुखीची कुठलीही गोळी नाही. माणसाच्या डोळ्यांचे थेंब नाहीत, कारण त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं आणि हर्पिसनं डोळ्यात जखम झालेली असेल तर डोळा कायमचा जातो. डोळ्यात काजळ, हळद, मध नाही. घरात उरलेलं जुनं अँटिबायोटिक नाही. ते औषध कधी कधी लागतं, पण कोणतं आणि किती हे डॉक्टर ठरवतील. आणि जबडा धरून तोंडात दूध, तेल, काढा ओतणं नाही. ते फुप्फुसात जातं आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो.

डॉक्टरकडे कधी जायचं? मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर लगेच, संध्याकाळची वाट पाहू नका. हिरड्या निळसर किंवा फिक्या पडल्या, डोळ्याचं बुबुळ पांढुरकं झालं, पिल्लानं दिवसभर किंवा मोठ्या मांजरानं दोन दिवस काही खाल्लं नाही, नाकातून पू किंवा रक्त आलं, तरी जायचं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरही दाखवता येतं, लाजू नका. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथं विचारा. मोठी तपासणी लागली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आपल्या आर्णीवरून नागपूरला सरळ रस्ता जातो.

एक सावधगिरी. लाळ गळणारं प्रत्येक मांजर सर्दीचंच असतं असं नाही. त्याचा स्वभाव एकाएकी बदलला, ते अंगावर येतं, आवाज बदलला, चाल अडखळते, तर रेबीजचा संशय धरा आणि हात लावू नका. मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जा.

बैठकीत सगळ्यांनी विचारलं, हे लेकरांना लागते का? हर्पिस आणि कॅलिसी हे मांजरांचे विषाणू आहेत, ते माणसाला लागत नाहीत. क्लॅमिडियानं क्वचित माणसाचे डोळे येऊ शकतात, म्हणून हात धुवायचे. पोरांना सर्दी झाली म्हणून मांजराला घराबाहेर हाकलू नका.

पण एक श्वसनाचा रोग वेगळा आहे आणि तो आपल्या कोंबड्यांशी जोडलेला आहे. तो बर्ड फ्लू. आपल्या राज्याला हा रोग नवा नाही. देशातली पहिली साथ 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली होती. तेव्हा सगळं लक्ष कोंबड्यांकडे होतं. पण डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीत बर्ड फ्लू निघाला. वाघ, बिबट आणि आपली मनी एकाच कुळातले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 2025 च्या सुरुवातीला, नागपूरच्या वरच्या अंगाला छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू सापडला.

मांजरांना हा रोग बहुतेक वेळा बाधित पक्षी खाऊन किंवा त्याचं कच्चं मांस खाऊन लागतो. त्यात जोराचा ताप येतो, धाप लागते, कधी झटके येतात, आणि मांजर काही दिवसांतच मरतं. माणसालाही तो क्वचित लागतो, पण लागला तर गंभीर असतो. म्हणून आपल्या गटांसाठी तीन गोष्टी. मेलेली कोंबडी मांजरापुढे किंवा उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि उचलताना हाताला पिशवी, तोंडाला रुमाल बांधा. कोंबडी कापल्यावर आतडी, डोकं कच्चं मांजराला घालू नका, शिजवून घाला. आणि एकाएकी पुष्कळ कोंबड्या किंवा कावळे मेले तर हात न लावता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कोंबड्या जातील या भीतीनं लपवू नका. नीट शिजवलेलं अंडं आणि मांस खायला धोका नाही.

शेवटी लसीबद्दल. मांजराच्या साध्या सर्दीवर, म्हणजे हर्पिस आणि कॅलिसीवर, लस आहे. त्याच टोचणीत मांजराच्या जीवघेण्या हगवणीचीही लस असते. पहिला डोस पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत. पुढचा वर्षानं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. सर्दीच्या लसीनं रोग पूर्ण टळतोच असं नाही, पण आला तरी हलका जातो. ही लस प्रत्येक ठिकाणी तयार नसते. म्हणून गटानं गावातल्या मांजरांची यादी करावी आणि दवाखान्यात एकत्र विचारावं. एका बाईनं मागण्यापेक्षा दहा जणींनी मागितलेलं लवकर होतं.

आमच्या गटानं त्या दिवशी रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहिल्या. दोन महिन्यांच्या आत पिल्लू कुणाला द्यायचं नाही. आणि वेतातलं एकही पिल्लू शिंकत असेल तर त्यातलं कुठलंच द्यायचं नाही. यातून पुढची घरं वाचतात.

आजींच्या पिल्लाचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. आजींनी त्याला नऊ दिवस अंडं भरवलं, डोळे पुसले, दवाखान्यातून आणलेलं औषध वेळेवर दिलं. पिल्लू जगलं. एका डोळ्यावर पांढरा डाग राहिला, कारण दाखवायला उशीर झाला होता. दिलेल्या तिघांपैकी दोन बरी झाली, एक गेलं. आजींचं मांजर आता एका डोळ्यानं कमी पाहतं, पण तूर राखतं. परवा आजी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “उंदीर धरते माय. अजून काय पायजे?”

तुमच्या घरच्या मांजराला आज जाऊन एकदा नीट पाहा. डोळे, नाक, खाणं. आणि ऐकलेलं शेजारणीला सांगा, निदान गोळीचं तरी नक्की सांगा.